स्तनाच्या कॅन्सरनंतर हात, खांदा आणि रोजचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांबरोबर मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. पहिल्या भेटीला बहुतेक जणी ऑपरेशनच्या बाजूचा हात पोटाशी धरून, पदराखाली झाकून येतात. ‘हात जपा’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि त्याचा अर्थ ‘हात हलवू नका’ असा घेतलेला असतो. निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत आणि शब्दही शक्यतो त्यांचेच ठेवलेत. तुमचं रिकन्स्ट्रक्शन (स्तन पुन्हा घडवण्याचं ऑपरेशन) झालं असेल किंवा जखमेवर दुसरीकडची कातडी लावली असेल, तर हालचाल कधी आणि किती हे तुमच्या सर्जनला विचारा. अशा वेळी इथलं वेळापत्रक लागू होत नाही.

गाठ काढली, टाके सुकले. आता फिजिओथेरपी कशाला?

टाके सुकायला लागतात तेव्हाच खांदा आखडायला लागतो. जखम भरताना छातीवरची कातडी खालच्या स्नायूला चिकटते. काखेतल्या गाठी (शरीरात मुळातच असणाऱ्या लिम्फ नोड) काढल्या असतील तर तिथेही ओढ बसते. दुखतं म्हणून बाई खांदे पुढे घेऊन बसते आणि काही आठवड्यांत हात डोक्यावर जाईनासा होतो. मग वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढायला सुनेला हाक मारावी लागते, दोरीवर चादर टाकताना डोळ्यांत पाणी येतं.

दुसरं कारण फार कमी जणींना आधी कळतं. रेडिएशन घेताना, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात तो घेताना, हात डोक्याच्या वर ठेवून अजिबात न हलता पडून राहावं लागतं. हे रोज करायचं असतं, सहसा तीन आठवडे किंवा जास्त. हात वर जातच नसेल तर रेडिएशनची आखणीच अडते. ‘खांदा मोकळा करून या’ म्हणून परत पाठवलेल्या बायका माझ्याकडे येतात, तेव्हा हातात मोजके दिवस उरलेले असतात आणि खांदा मात्र महिनाभर आखडलेला असतो.

ऑपरेशनच्या आधी काही करायचं असतं का?

हो, आणि त्याला अर्धा तासही लागत नाही. दोन्ही हातांची मापं टेपने घेऊन लिहून ठेवायची. तळवा, मनगट, मग कोपराच्या खाली आणि वर ठरावीक अंतरावर. उजवा हात वापरणाऱ्याचा उजवा दंड मुळातच थोडा जाड असतो. आधीचं माप नसेल तर पुढे सूज आहे की नाही यावर नुसता वाद होत राहतो. खांदा आधीपासून आखडलेला असेल तर तेही तेव्हाच कळतं. मधुमेह असलेल्या बायकांमध्ये हे बरेचदा दिसतं.

जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी लावलेली असताना हात हलवला तर टाके तुटतील ना?

नाही तुटणार. कुठली हालचाल आणि किती, एवढं मात्र कळायला हवं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडमीट करा, मनगट फिरवा, कोपर वाकवा आणि सरळ करा, खांदे वर घेऊन मागे गोल फिरवा. लांब श्वास घ्या, कारण छातीवर पट्टी असली की श्वास उथळ होतो. त्याच हाताने जेवा, दात घासा, चहाचा कप धरा. मान ताठ ठेवून केस विंचरून बघा. विंचरणं हा मला सर्वांत आवडणारा व्यायाम आहे, कारण तो व्यायाम वाटत नाही.

नळी असेपर्यंत कोपर खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नका. समोरूनही नाही, बाजूनेही नाही. त्याआधीच खूप ताण दिला तर जखमेखाली पाणी साठू शकतं. नळीतलं पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजून वहीत लिहा. २४ तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी यायला लागलं की डॉक्टर ती काढायचा विचार करतात. आकडा कमी-जास्त असू शकतो, पण वही असली की त्यांचं काम सोपं होतं. नळीची डबी पदराला पिनेने अडकवू नका. उठताना पदर ओढला जातो आणि नळीही. नाडी लावलेली कापडी पिशवी गळ्यात अडकवा, त्यात ती छान बसते.

हात गळ्यात झोळीत अडकवून ठेवायचा नाही. हाड मोडलेलं नाही.

नळी निघाल्यावर कुठले व्यायाम?

भिंत सर्वांत चांगली. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, ओढ जाणवली की तिथे पाच श्वास थांबायचं, मग तशाच चालीने खाली यायचं. पोहोचलात तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख टाका. एका आजींच्या घरी न्हाणीघराशेजारच्या भिंतीवर अशा रेघांची शिडी झाली होती. नातवाची उंची मोजायच्या रेघाही त्याच भिंतीवर, त्यामुळे घरात रोज कोण जास्त वाढलं याची चौकशी व्हायची.

दुसरा व्यायाम आडवं पडून करायचा. केरसुणीचा दांडा किंवा लांब छत्री दोन्ही हातांत धरायची आणि चांगल्या हाताच्या मदतीने डोक्याच्या दिशेने मागे न्यायची. तिसऱ्यात दोन्ही हात मानेमागे गुंफून कोपरं बाजूला उघडायची. रेडिएशनसाठी ही हालचाल हवीच. प्रत्येक व्यायाम पाच ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. ओढ बसली पाहिजे, पण कळ येता कामा नये. व्यायामानंतर दुखणं रात्रभर राहिलं तर दुसऱ्या दिवशी थोडं कमी करा. बंद मात्र करू नका.

इतक्या लवकर सुरुवात करणं सुरक्षित आहे का, याची ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. तिचा निकाल २०२१ साली आला. खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या बायकांना ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करून दिले. नुसतं माहितीपत्रक मिळालेल्या बायकांपेक्षा वर्षभरानंतर त्यांचा हात चांगला चालत होता आणि जखमेचे त्रासही वाढले नव्हते.

काखेतून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखं दिसतंय. नस आखडली का?

हात बाजूला उचलला की कातडीखाली वीणेच्या तारेसारखी एक-दोन दोरखंडं दिसतात, कधी मनगटापर्यंत जातात. काखेतल्या गाठी काढल्यावर काही आठवड्यांत असं होऊ शकतं. दिसायला भयंकर असलं तरी हे कॅन्सर परत आल्याचं लक्षण नाही. हलक्या हाताने ताणत, मोकळं करत बहुतेकांची ही दोरी काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत विरघळते. मालिशवालीकडून ती ‘तोडून’ घेऊ नका.

दंडाची आतली बाजू बधिर आहे. हात लुळा पडेल?

नाही. काखेतून दंडाच्या आतल्या बाजूला स्पर्शाची संवेदना नेणारी एक नस जाते. गाठी काढताना ती ताणली जाते, कधी कापावी लागते. तिचा ताकदीशी संबंध नसतो. बधिरपणा हळूहळू कमी होतो, काहींना थोडासा कायम राहतो. एक काळजी मात्र घ्या. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. भाजलेलं कळत नाही. ‘शेक घ्या’ म्हणजे गरम पिशवीचा शेक असं समजून घरी पिशवी लावलेल्या दोन बाया मी पाहिल्या आहेत. तेव्हापासून मी रेडिएशनला रेडिएशनच म्हणते.

हाताला सूज सगळ्यांनाच येते का?

नाही. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या असतील तर साधारण पाचपैकी एकीला येते. फक्त पहिल्या एक-दोन गाठी तपासायला काढल्या असतील तर धोका बराच कमी, शंभरात पाच-सहा जणींना. काखेला रेडिएशन, वाढलेलं वजन आणि हाताला झालेला जंतुसंसर्ग यांनी तो वाढतो.

हातातलं जास्तीचं पाणी बारीक वाहिन्यांतून काखेकडे वाहतं आणि तिथल्या गाठींतून पुढे जातं. गाठी काढल्या की पाण्याची वाट अरुंद होते. बहुतेकांचं शरीर आजूबाजूने नवी वाट काढतं. काहींचं पाणी साठतं.

सूज दिसायच्या आधी जाणवते. हात जड वाटतो, ब्लाउजची बाही एकाच बाजूला रुतते, अंगठीचा वळ राहतो. आमच्याकडचा खरा मापक म्हणजे बांगडी. कालपर्यंत सहज चढणारी बांगडी आज साबण लावूनही चढेना, तर टेप घेऊन माप बघा. आधीच्या मापात किंवा दुसऱ्या हाताच्या तुलनेत दोन सेंटिमीटरचा फरक पडला असेल तर वाट न बघता या. या टप्प्यावर आलेली बाई थोड्या उपचारात सावरते. वर्षभर ‘जाईल आपोआप’ म्हणत थांबलेल्या हाताची कातडी जाड आणि टणक होते, मग माप पुरतं मागे येत नाही. सूज ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांतच जास्त दिसते, पण दहा वर्षांनी आलेलीही पाहिली आहे.

सूज आलीच तर काय करतात?

चार गोष्टी एकत्र करतात: विशिष्ट पद्धतीचं हलकं मालिश, पट्ट्या, व्यायाम आणि कातडीची निगा. हे मालिश आपल्या तेल-मालिशसारखं नसतं. हात इतका हलका फिरतो की ‘मॅडम, नुसतं कुरवाळताय’ असं एकीने मला ऐकवलं होतं. वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात, जोर दिला की त्या दबतात. ही पद्धत एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये बसवली.

खरं काम मात्र पट्ट्या करतात. कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे थर बोटांपासून दंडापर्यंत बांधतात, खाली घट्ट आणि वर सैल. त्या बांधून हात हलवला की स्नायू आणि पट्टी यांच्यामध्ये पाणी दाबून पुढे ढकललं जातं. घरातली क्रेप पट्टी कुणाकडूनही बांधून घेऊ नका. मध्येच आवळली गेली तर पुढचा हात फुगतो. दोन-चार आठवडे रोज पट्ट्या झाल्या की माप स्थिरावतं, मग मापाची घट्ट बाही चढवतात. ती सकाळी उठल्यावर घालायची, झोपताना काढायची, रोज धुवायची. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो आणि नवी घ्यावी लागते. हा खर्च आधीच धरून ठेवा. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या या सुजेसाठी नसतात. शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नका.

त्या हाताने वजन उचलायचं नाही ना, आयुष्यभर?

हा सल्ला आता जुना झाला. २००९ साली अमेरिकेत हाताला सूज असलेल्या १४१ बायकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना वर्षभर आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज अचानक वाढण्याचे प्रसंग व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झाले. घट्ट बाह्या घालूनच त्या व्यायाम करत होत्या, हे विसरू नका.

‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. तीन महिने पाण्याचा तांब्या न उचललेल्या बाईने पाहुणे आले म्हणून एका दिवशी दहा किलोची कणीक मळली तर हात सुजणारच. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात करा, दोन आठवड्यांनी एक लिटर. भाकरी थापायला पहिल्या आठवड्यात दोन पुरेत, बाकीच्या दुसरं कुणी थापेल. शेतात काम करणाऱ्यांनी खुरपणी थोडी थोडी, मध्ये उठून हात वर करत करावी.

त्या हाताला सुई, बीपीचा पट्टा, विमानप्रवास चालतो?

दुसरा हात उपलब्ध असेल तर तोच द्या. त्यात काही जात नाही. पण तातडीच्या वेळी त्याच हाताला सुई टोचली म्हणून रात्रभर रडत बसू नका. २०१६ साली बोस्टनच्या संशोधकांनी ६०० हून अधिक बायकांची मापं वर्षानुवर्षं घेऊन पाहिली. रक्त काढणं, बीपी मोजणं किंवा विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध दिसला नाही. वाढलेलं वजन आणि जंतुसंसर्ग यांचा दिसला.

हात लाल, गरम झालाय आणि ताप आहे.

हे वाचत बसू नका, दवाखान्यात जा. हा जंतुसंसर्ग आहे आणि त्याला प्रतिजैविकं लगेच लागतात. तो उतरेपर्यंत पट्टी, मालिश, घट्ट बाह्या सगळं थांबवा. केमो चालू असेल तर १००.४ फॅरनहाइटचा तापही तातडीचाच समजा, हात लाल असो वा नसो.

कारण बहुतेकदा किरकोळ असतं: विळीने कापलेलं बोट, तव्याचा चटका, मांजराचा ओरखडा, कपाशी वेचताना टोचलेली बोंडाची टोकं. वेचणीला आणि भांडी घासताना हातमोजे घाला, खरचटलं की साबणाने धुवून मलम लावा, रोज रात्री खोबरेल तेल चोळा.

केमो चालू आहे, उठवत नाही. व्यायाम कसला सांगता?

मलाही आधी हे सांगताना संकोच वाटायचा. कॅन्सरचा थकवा झोपून जात नाही आणि तिथेच घरचे चुकतात. ‘तू फक्त पडून राहा’ हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने गळतात आणि मग जिना चढायला आणखी थकवा येतो. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, हे थकव्यावरचं सर्वांत भरवशाचं औषध आहे. अर्धा तास जमत नसेल तर दहा मिनिटं तीनदा. केमोनंतरचे पहिले तीन-चार दिवस घरातल्या घरात पुरे. ताप, रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणं यांपैकी काही असेल किंवा प्लेटलेट फार खाली असतील तर नाही.

योगाबद्दल रोज विचारतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर चाचणी करून २०२२च्या डिसेंबरात निष्कर्ष मांडले. योग करणाऱ्यांना थकवा आणि वेदना कमी जाणवल्या. ती आसनं या रुग्णांसाठी मुद्दाम बसवलेली होती. टीव्हीवर पाहून शीर्षासन करणं वेगळं.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने पायाला मुंग्या येत असतील तर घरातही चप्पल घाला, रात्री तळपाय नजरेखालून घाला आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्या.

लेट्रोझोल सुरू झाल्यापासून सकाळी बोटं आणि गुडघे आखडतात.

हा त्या हार्मोन कमी करणाऱ्या गोळीचा परिणाम आहे. तुम्ही अचानक म्हाताऱ्या झालेल्या नाही. चालणं आणि स्नायूंचे व्यायाम यांनी हे दुखणं कमी होतं. मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. हाडांची तपासणीही विचारून घ्या, कारण ही गोळी हाडं विरळ करते.

स्तन काढलाय. ब्लाउज एका बाजूने रिकामा दिसतो.

आपल्या बायकांनी याचा उपाय कधीच शोधलाय. मऊ कापडाच्या पिशवीत मोहरी भरून ती ब्लाउजमध्ये ठेवायची. मोहरी सरकते, वजन जवळपास खरं वाटतं. घाम आला की कुबट होते, म्हणून पिशवी धुण्यासारखी शिवा आणि दाणे बदलत राहा. जखम ओली असेपर्यंत मात्र नुसता कापूस किंवा विणलेला हलका गोळा बरा. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी. तो महाग पडतो. शिंप्याला ब्लाउजच्या आतून खिसा लावायला सांगा, म्हणजे वाकलं की बाहेर येत नाही. शिंपी पुरुष असेल तर एक खिसा कापून दाखवा, जास्त काही सांगायची गरज नाही. आणि काहीच घालायचं नसेल तर तेही ठीक आहे.

पुरुषांनाही हे लागू आहे?

हो. स्तनाच्या कॅन्सरचा साधारण शंभरातला एक रुग्ण पुरुष असतो. खांदा, काख, सूज सगळं तेच. पुरुष फक्त उशिरा येतात.

नवऱ्याजवळ जाण्याची भीती वाटते. कुणाला विचारू?

मला विचारा, नर्सला विचारा, डॉक्टरांना विचारा. या आजारात स्पर्शाने काही पसरत नाही. हे नवऱ्यालाही डॉक्टरांसमोर ऐकवा. ऑपरेशनच्या बाजूला उशी ठेवली की हातावर आणि छातीवर भार येत नाही. केमो आणि गोळ्यांनी योनीत कोरडेपणा येतो, त्यासाठी पाण्यापासून केलेलं वंगण (लुब्रिकंट) औषधाच्या दुकानात मिळतं. हार्मोनचं क्रीम डॉक्टरांना न विचारता वापरू नका. काही महिने इच्छाच झाली नाही तरी त्यात बिघडलेलं काही नाही.

आमच्या गावात असा फिजिओथेरपिस्ट नाही.

ऑपरेशन जिथे झालं तिथूनच घरी जाण्याआधी व्यायाम शिकून घ्या आणि फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढून घ्या. स्वतःचाच, कारण दुसऱ्या बाईचा व्हिडिओ बघून आपला हात किती वर जायला हवा ते कळत नाही. दर केमोच्या खेपेला दहा मिनिटं दाखवून जा. परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार घेणाऱ्या कितीतरी जणी दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत राहतात, संध्याकाळी चौघी मिळून व्यायाम करतात आणि एकट्या बाईपेक्षा त्यांचे खांदे लवकर सुटतात. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सरच्या रुग्णांना जाता येतं, कागदपत्रं जवळ ठेवा. गर्दीत हात वर करून कडी धरण्यापेक्षा ते बरं. कडी धरता यायला लागली की मला फोन करा.

किती महिने हे करायचं?

खांदा पूर्ण मोकळा व्हायला सहसा सहा आठवडे ते तीन महिने लागतात. रेडिएशननंतर कातडी आणि स्नायू वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ आक्रसत राहतात, म्हणून भिंतीवरचा व्यायाम दिवसातून एकदा तरी चालू ठेवा. दोन्ही हातांचं माप दर महिन्याला एकाच दिवशी, त्याच टेपने, शक्यतो सकाळी घ्या. मी संकष्टीचा दिवस सांगते. उपवासाचा दिवस सहसा कुणी विसरत नाही.